विकतचा सर्व्हर की मुक्तस्रोत? उद्योगाने मांडावयाचा हिशेब

(लघु व मध्यम उद्योजक आणि सहकारी बँकांचे संचालक यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संगणकीकरणाचा विषय संचालक मंडळासमोर आला की एक प्रसंग हमखास घडतो. टेबलावर दोन प्रस्ताव असतात. एकात नामांकित कंपनीच्या ॲप्लिकेशन सर्व्हरचे लाखो रुपयांचे दरपत्रक असते. दुसऱ्यात त्याच रकान्यात शून्य लिहिलेले असते, कारण तो सर्व्हर मुक्तस्रोत असतो. मग सभागृहात दोन तट पडतात. एक म्हणतो, "फुकटाच्या वस्तूवर लोकांच्या ठेवी कशा सोपवायच्या?" दुसरा विचारतो, "जे फुकट मिळते त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?" दोन्ही बाजू तळमळीने बोलतात, पण दोघांचाही प्रश्न चुकीच्या रकान्यावर खिळलेला असतो. खरा हिशेब परवान्याच्या किमतीचा नाहीच. ज्या पायावर धंद्याचे सारे व्यवहार उभे राहणार, त्या पायाचे ज्ञान कोणाकडे असेल आणि उद्या तो बदलायचा झाल्यास ते स्वातंत्र्य संस्थेच्या हाती उरेल का, हा खरा हिशेब आहे.

ॲप्लिकेशन सर्व्हर करतो तरी काय?

लग्नघरच्या मंडळींनी मंगल कार्यालय घेतले म्हणजे मांडव, पाणी, दिवे, भांडीकुंडी, पंगतींची बैठक यांची काळजी कार्यालय वाहते. घरच्यांनी फक्त कार्य पार पाडायचे असते. ॲप्लिकेशन सर्व्हरचे स्थान नेमके असेच आहे. कर्जाचे व्याज कसे आकारायचे, मालाची नोंद कशी करायची, हे उद्योगाच्या स्वतःच्या आज्ञावलीत लिहिलेले असते. मात्र एकाच वेळी पाचशे जण कामाला बसले तर त्यांची विनंती कोणत्या क्रमाने घ्यायची, डेटाबेसशी असलेल्या मोजक्या जोडण्या सर्वांना आळीपाळीने कशा वाटून द्यायच्या, कोणाला कशाचा अधिकार आहे हे कसे तपासायचे, एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्याने काम कसे उचलायचे, ही व्यवस्था सर्व्हर पाहतो.

यातले सर्वांत नाजूक काम व्यवहाराच्या अखंडतेचे. एका खात्यातून दहा हजार रुपये वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधीच वीज गेली, तर ते पैसे अधांतरी राहता कामा नयेत. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच झालेला नसावा. खातेदाराच्या डोळ्यांना हे कधी दिसत नाही. परंतु त्याचा संस्थेवरचा विश्वास याच अदृश्य व्यवस्थेवर टिकून असतो.

थोडा इतिहास

गेल्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटवरील व्यवहार वाढू लागले आणि या व्यवस्थेची बाजारपेठ उभी राहिली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या बीईए कंपनीने १९९८ मध्ये वेबलॉजिक विकत घेतले. त्याच वर्षी आयबीएमने वेबस्फिअर बाजारात आणले. सन कंपनीने १९९९ च्या अखेरीस जावावर आधारलेल्या व्यावसायिक प्रणालींसाठी जे२ईई हे मानक जाहीर केले. या मानकाचा अर्थ फार मोलाचा होता. त्यानुसार लिहिलेली आज्ञावली एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसरीच्या सर्व्हरवर, निदान तत्त्वतः, हलविता येणार होती.

भारतही या स्पर्धेत केवळ गिऱ्हाईक म्हणून उभा नव्हता. हैदराबादच्या प्रमती टेक्नॉलॉजीज या कंपनीने स्वतःचा सर्व्हर बनविला आणि त्याला या मानकाचे प्रमाणपत्र मिळविले. जगात असे प्रमाणित सर्व्हर बनविणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या. पुढे या कंपनीने अन्य व्यवसायांकडे मोर्चा वळविला. तरी तिचे नाव या इतिहासातून गळता कामा नये.

मुक्तस्रोताचा प्रवाहही त्याच सुमारास सुरू झाला. १९९९ मध्ये सन कंपनीने दिलेल्या आज्ञावलीतून अपाची प्रतिष्ठानकडे टॉमकॅटचा जन्म झाला. त्याच वर्षी मार्क फ्ल्यूरी यांनी जेबॉसचे काम आरंभिले. आरंभी मोठ्या कंपन्यांनी त्याकडे हौशी तरुणांचा उद्योग म्हणून पाहिले. २००६ मध्ये रेड हॅटने जेबॉस किमान ३५ कोटी डॉलर देऊन विकत घेतली, तेव्हा तो समज मावळला. २००८ मध्ये ऑरॅकलने बीईए सुमारे ८५० कोटी डॉलरना घेतली आणि २०१० मध्ये सन कंपनीही ऑरॅकलमध्ये विलीन झाली. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली. म्हणजे वेबस्फिअर आणि जेबॉस हे एके काळचे प्रतिस्पर्धी आज एकाच छपराखाली नांदतात. आज ज्याच्याशी करार करायचा, तो उद्या कोणाच्या मालकीचा असेल हे सांगता येत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा.

परवान्याचे गणित

विकतच्या सर्व्हरचा खर्च कसा वाढतो हे उदाहरणाने पाहणे बरे. ऑरॅकलच्या जाहीर दरपत्रकात वेबलॉजिकच्या एंटरप्राइज आवृत्तीचा दर वर्षानुवर्षे एका प्रोसेसरमागे २५,००० डॉलर असा राहिला आहे. येथे प्रोसेसर हा शब्द नेहमीच्या अर्थाने घ्यायचा नाही. यंत्रातील गाभे मोजायचे आणि इंटेलसारख्या नेहमीच्या यंत्रांसाठी त्यांची निम्मे करून संख्या धरायची. सोळा गाभ्यांच्या एका यंत्राला आठ परवाने, म्हणजे दोन लाख डॉलर. त्यावर देखभालीचा वार्षिक आकार २२ टक्के, म्हणजे ४४,००० डॉलर. पाच वर्षांत देखभालीचीच रक्कम २,२०,००० डॉलर होते आणि मूळ किमतीला मागे टाकते. घासाघीस करून सवलत मिळते हे खरे. पण देखभालीचा आकार प्रत्यक्ष किमतीच्या प्रमाणात असल्याने हे गुणोत्तर बदलत नाही. जोडीला तितकेच दुसरे यंत्र सतत चालू ठेवायचे म्हटले, तर सारा आकडा दुप्पट.

आभासी यंत्रांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. एका मोठ्या यंत्राचे आभासी भाग पाडून त्यातील एका लहान भागावर सर्व्हर चालविला, तरी विक्रेता केवळ त्या भागाचेच गाभे मोजेल असे नाही. पुष्कळदा साऱ्या यंत्राचे मोजतो. आयबीएमची मोजण्याची पद्धत पुन्हा वेगळी. काही वर्षांनी विक्रेत्याचे लेखापरीक्षक दारात येतात, तेव्हा अनवधानाने वाढलेल्या वापराचे बिल समोर येते. म्हणून असा करार करणाऱ्या संस्थेत परवान्यांची मोजदाद समजणारा एक तरी जबाबदार माणूस असलाच पाहिजे.

या पैशांच्या बदल्यात काय मिळते, तेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. रात्री दोन वाजता प्रणाली बंद पडली तर फोन उचलणारा कोणी तरी असतो. जुन्या आवृत्तीवरही अनेक वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात. ऑरॅकलच्या डेटाबेसशी किंवा आयबीएमच्या मोठ्या यंत्रांशी जुळणी चोख असते. ज्या बँकेचे काम क्षणभर थांबले तरी हाहाकार उडेल, तिच्या दृष्टीने हे सारे निरर्थक नव्हे.

'मुक्त' म्हणजे 'बिनखर्ची' नव्हे

आता दुसरा रकाना. मुक्तस्रोत या शब्दातील 'मुक्त' हे विशेषण किमतीला नसून स्वातंत्र्याला लागते. आज्ञावली वाचण्याचे, बदलण्याचे, वाटण्याचे आणि हव्या तितक्या यंत्रांवर चालविण्याचे हे स्वातंत्र्य असते. आपली खासगी आज्ञावली अशा सर्व्हरवर चालविली तर तीही जगाला खुली करावी लागेल, ही भीती पुष्कळ उद्योजकांच्या मनात असते. टॉमकॅटच्या अपाची परवान्यात तशी अट नाही.

परंतु मंगल कार्यालय फुकट मिळाले म्हणून आचारी फुकट मिळत नाही. टॉमकॅट उतरवून घ्यायला पाच मिनिटे लागतात. तो नीट जुळविणे, त्याच्या नोंदी रोज वाचणे, दुरुस्त्या वेळेवर चढविणे, मागील प्रत सुरक्षित ठेवणे यासाठी जाणता माणूस वर्षभर लागतो. शिवाय टॉमकॅट म्हणजे संपूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नव्हे. अनेक डेटाबेसांत एकत्र होणाऱ्या व्यवहारांची हमी किंवा संदेशांची रांग सांभाळणे ही कामे तो स्वतः करीत नाही. ती अन्य घटक जोडून करून घ्यावी लागतात. पुष्कळ उद्योगांना त्या अवजड सामग्रीची गरजच नसते. म्हणून स्प्रिंग आणि टॉमकॅट ही हलकी जोडी इतकी लोकप्रिय झाली. गरज ज्यांना आहे त्यांच्यासाठी वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, पयारा, ओपन लिबर्टी हे पूर्ण क्षमतेचे मुक्त पर्याय आहेत.

मुक्तस्रोतात एक मधला मार्गही आहे. जेबॉसच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या आवृत्तीचे नाव आता वाइल्डफ्लाय आहे. ती वेगाने बदलते आणि दुरुस्ती हवी असेल तर बहुधा नव्या आवृत्तीकडेच जावे लागते. ज्यांना स्थैर्य हवे, त्यांना रेड हॅट वार्षिक वर्गणीवर जेबॉसची जपलेली आवृत्ती आणि साहाय्य देते. येथे पैसे मोजले जातात. पण ते वस्तूच्या मालकीचे नसून सेवेचे असतात. वर्गणी थांबविली तरी वाइल्डफ्लायचा रस्ता उघडा राहतो.

तेव्हा निष्कर्ष असा की पैसे दोन्हीकडे मोजावेच लागतात. एकीकडे विक्रेत्याला, दुसरीकडे आपल्या माणसांना किंवा सेवा देणाऱ्या संस्थेला. ज्या ठिकाणी दोघांपैकी कोणालाच मोजले जात नाहीत, तेथे धोका घर करून बसलेला असतो.

सुरक्षेचा भ्रम

"विकतचे ते सुरक्षित" आणि "हजारो डोळे पाहतात म्हणून मुक्तस्रोत सुरक्षित" ही दोन्ही विधाने अनुभवाच्या कसोटीवर उतरलेली नाहीत. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये संशोधकांनी जावातील एका सामाईक ग्रंथालयाच्या वापरातील दोष दाखवून दिला. त्याचा फटका वेबलॉजिक, वेबस्फिअर आणि जेबॉस या तिघांनाही बसला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या मुक्त घटकात गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा हा घटक मोठमोठ्या व्यापारी उत्पादनांच्या पोटातही असल्याचे जगाला कळले. विकतच्या पेटीतही बरेचसे सामान मुक्तस्रोताचेच असते.

खरा फरक दुरुस्ती वेळेवर चढविणारे आणि न चढविणारे यांच्यात असतो. २०१६ मध्ये सॅमसॅम नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जुन्या जेबॉस सर्व्हरमधून अमेरिकेतील रुग्णालयांच्या जाळ्यात शिरकाव केला. त्या त्रुटींवरची दुरुस्ती कित्येक वर्षांपूर्वीच उपलब्ध होती. कोणी चढविली नव्हती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑरॅकलने वेबलॉजिकमधील एका त्रुटीवर दुरुस्ती दिली. वर्ष सरते न सरते तोच, ती न चढविलेल्या सर्व्हरांवर भामटे परस्पर आभासी चलन खणू लागले. तेथे परवाना होता आणि दुरुस्तीही होती. चढविणारा हात तेवढा नव्हता. कुलूप महाग घेतले म्हणून दार आपोआप लागत नाही.

विक्रेत्याने पाठ फिरविली तर?

या विषयाचा गाभा दोन घटनांत सामावलेला आहे. ह्यूलेट-पॅकार्डने २००१ मध्ये ब्लूस्टोन ही सर्व्हर बनविणारी कंपनी विकत घेतली आणि २००२ मध्ये हा व्यवसायच गुंडाळला. आज्ञावली बंदिस्त होती. ज्या ग्राहकांनी तिच्यावर आपले काम उभे केले होते, त्यांना दुसरे घर शोधण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ग्लासफिशची कथा याच्या उलट घडली. सन कंपनीचा हा मुक्त सर्व्हर ऑरॅकलकडे आला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑरॅकलने जाहीर केले की पुढील आवृत्तींना व्यापारी साहाय्य मिळणार नाही. ज्यांना ते हवे त्यांच्यापुढे वेबलॉजिकचा पर्याय ठेवला. मालकाचा निर्णय येथेही ग्राहकाच्या विरुद्धच गेला. पण सोर्स कोड उघडा होता. २०१४ मध्ये इंग्लंडमधील एका गटाने तोच कोड हाती घेऊन पयारा हा सर्व्हर आणि त्याचे साहाय्य उभे केले. खुद्द ग्लासफिशही पुढे एक्लिप्स प्रतिष्ठानकडे गेला आणि तेथे त्याचा विकास चालू राहिला. दोन्ही प्रसंगांत मालकाने हात काढून घेतला. एकात ग्राहक उघड्यावर पडला, दुसऱ्यात त्याच्यासाठी नवा आधार उभा राहू शकला. मुक्तस्रोताचे खरे मोल या फरकात आहे.

मात्र मुक्तस्रोत म्हटले की निर्धास्त व्हावे असेही नाही. एकाच कंपनीच्या मालकीच्या काही मुक्त उत्पादनांचे परवाने त्या कंपन्यांनी रातोरात कडक केल्याची उदाहरणे आहेत. इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये तसे केले. म्हणून प्रकल्प प्रतिष्ठानाच्या हाती आहे की एका कंपनीच्या, हे पाहणे अगत्याचे ठरते. खुद्द जावाच्या बाबतीतही ऑरॅकलने २०२३ च्या जानेवारीत वर्गणीचा हिशेब ग्राहक संस्थेच्या एकूण कर्मचारीसंख्येवर नेला. जावा वापरणारे दहा असोत वा हजार. ओपनजेडीके या मुक्त आवृत्ती हाती असल्याने अनेकांना तेथून बाजूला होता आले.

मानकही स्थिर नसते. २०१७ मध्ये ऑरॅकलने जावा ईई एक्लिप्स प्रतिष्ठानकडे सोपविले, २०१८ मध्ये त्याचे नाव जकार्ता ईई झाले आणि २०२० च्या नवव्या आवृत्तीत 'जावाएक्स' या शब्दाने सुरू होणारी नावे 'जकार्ता' अशी बदलली. जुन्या आज्ञावलीतील ती सारी नावे बदलल्याशिवाय ती नव्या सर्व्हरवर चालत नाही. हे श्रम विकतचा सर्व्हर वापरणाऱ्यालाही चुकत नाहीत.

दूरच्या देशातील निर्णय

२०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या सेवा थांबविल्या. भारतातील एका कंपनीला, पैसे मोजून घेतलेल्या सेवेसाठी, दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. तेथे प्रश्न ॲप्लिकेशन सर्व्हरचा नव्हता, आणि आपल्या यंत्रावर बसविलेला विकतचा सर्व्हर असा एका रात्रीत थांबणारही नाही. परंतु त्याच्या दुरुस्त्या आणि साहाय्य थांबू शकते. आपल्या देशातील कायदा न मोडताही दूरच्या राजधानीतील निर्णयाने आपले काम अडू शकते, हे या घटनेने शिकविले.

भारत सरकारने २०१५ मध्येच आपल्या विभागांसाठी मुक्तस्रोत आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञानाची कामे बाहेर सोपविण्याविषयी दिलेले निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच राहते, आणि करारातून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार असली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. लहान संस्थांना ते बंधनकारक नसले तरी त्यातील शहाणपण सर्वांच्या उपयोगाचे आहे.

निवड कशी करावी?

नव्याने प्रणाली उभारणाऱ्या लहान उद्योगाने टॉमकॅटसारख्या हलक्या मुक्त सर्व्हरपासून आरंभ करावा आणि वाचलेल्या पैशातून एका जाणत्या माणसाचे वेतन किंवा सेवेचा करार निश्चित करावा. मध्यम संस्थेने, विशेषतः जेथे लोकांच्या ठेवी आहेत तेथे, मुक्त गाभ्यावरील वर्गणीचा मार्ग तपासावा. या विषयातील जाणते मनुष्यबळ दूर शोधावे लागत नाही. रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यातच आहे. ज्यांची बँकिंग आज्ञावली ठरावीक व्यापारी सर्व्हरवरच प्रमाणित आहे, त्यांनी भावनेच्या भरात तो उपटून टाकू नये. आज्ञावली बनविणाऱ्याकडून मुक्त सर्व्हरवरील प्रमाणीकरण मागावे आणि पुढील नूतनीकरणाच्या वेळी निर्णय घ्यावा.

निवड कोणतीही असो, सही करण्याआधी संचालकांनी चार प्रश्न विचारावेत. दुरुस्ती आल्यावर ती किती दिवसांत आणि कोण चढविणार? आपली आज्ञावली मानकाला धरून लिहिली आहे की एकाच विक्रेत्याच्या खास सोयींवर टेकली आहे? पाच वर्षांचा एकूण खर्च, माणसांच्या वेतनासह, किती? आणि या सर्व्हरवरून उठून दुसरीकडे जायचे ठरविले, तर किती महिने आणि किती पैसे लागतील? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मांडून न थांबता, वर्षातून एकदा चाचणीच्या यंत्रावर आज्ञावली दुसऱ्या सर्व्हरवर चालवून पाहावी. बाहेर पडण्याची वाट वापरली नाही तर तीवर गवत उगवते.

विकतचे घेणे हा काही अपराध नाही आणि मुक्तस्रोत घेतला म्हणजे पुण्य पदरी पडले असेही नाही. मुक्तस्रोत घेऊन साराच कारभार एका कंत्राटदाराच्या डोक्यात साठवून ठेवणारी संस्था, विकतचा सर्व्हर घेणाऱ्या संस्थेइतकीच परावलंबी असते. उलट, विकतचा सर्व्हर घेऊनही मानक पाळणारी, आपली माणसे घडविणारी आणि बाहेर पडण्याचा रस्ता झाडून ठेवणारी संस्था आपल्या पायांवर उभी असते. पहिले पाऊल सोपे आहे. येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या संस्थेतील सर्व्हरचे नाव, त्याची आवृत्ती आणि त्यावर शेवटची दुरुस्ती चढविल्याची तारीख या तीन गोष्टी विचाराव्यात. त्या सांगणारा माणूस संस्थेत सापडला नाही, तर पुढच्या बैठकीत दरपत्रकाच्या आधी तोच विषय घ्यावा.